न बोलावता

अन्नपूर्णाबाईनं डबा विहाराच्या ओट्यावर ठेवला, पदरानं कपाळ पुसलं आणि ती तशीच मागं फिरली, तेव्हा आर्या धम्मशीला काही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं नव्हतंच. कुणी हातात दिल्याशिवाय भिक्खुणीनं अन्नाला शिवायचं नाही आणि ‘हातात द्या’ असं मागायचंही नाही. साडेअकरा होऊन गेले होते. बाराला जेवण बंद, मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत नुसतं पाणी. डब्यातून बरबटीच्या शेंगांच्या भाजीचा वास येत होता आणि आर्याजी त्या डब्यापासून दोन हातांवर हात जोडून उभ्या होत्या.

अन्नपूर्णाबाई फाटकापर्यंत गेली, थांबली, स्वतःवरच चिडल्यासारखी लगबगीनं परत आली.

“हातात द्याचंच राह्यलं ना माय. डोकं ठिकान्यावर नाही आज माहं.” तिनं डबा दोन्ही हातांनी उचलून पुढं केला. आर्याजींनी पात्र धरलं. अकरा वर्षं दोघींचं हे रोजचं होतं. त्यात अन्नपूर्णाबाई आज पहिल्यांदाच चुकली होती.

“काऊन, काय झालं?”

“आधी जेवून घ्या. मंग सांगतो.”

“सांगा.”

अन्नपूर्णाबाई ओट्याच्या कडेला टेकली. तिची भाची रेणुका चिखलीला शिक्षिका, आणि आर्याजींची लेक समताही त्याच शाळेत. त्यामुळं समताकडचं काही कळायचं असेल तर ते चिखलीहून रेणुकाच्या आणि रेणुकाहून अन्नपूर्णाबाईच्या तोंडून, असं दोन वळणं घेऊन विहारात पोचायचं. सरळ येणारा रस्ता बंदच होता.

“समताच्या पोटात गाठ निघाली म्हने. मोठी हाये. गुरुवारी बुलडान्याले ऑपरेशन.”

आर्याजींनी दोन घास खाल्ले. तिसरा हातात राहिला आणि बारा वाजले.

*

मोताळा तालुक्यातलं ते पाचशे उंबऱ्यांचं गाव. त्यातली चाळीस-पंचेचाळीस घरं बौद्धांची. गावाच्या टोकाला, कपाशीची वावरं सुरू होतात तिथं विहार: एक पत्र्याचं सभागृह, त्याला लागून एक खोली, पुढं ओटा आणि पिंपळ. त्या खोलीत आर्याजी एकट्या राहत. खरं तर भिक्खुणीनं एकटीनं राहू नये, असा नियमच आहे. पण तो पाळायला निदान दुसरी भिक्खुणी तरी पाहिजे ना. अकोल्याकडच्या एक म्हाताऱ्या आर्याजी पहिली चार वर्षं सोबत होत्या. त्या गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. बाकीचे सगळे नियम आर्याजी डोळ्यांत तेल घालून पाळत, आणि हा एक रोज सकाळी उठल्यापासून मोडत.

एकदा गावातल्या बायांना घेऊन त्या अजिंठ्याला गेल्या होत्या. लेणी दाखवणारा माणूस सांगत होता, इथं भिक्खू राहायचे, इथं निजायचे, या दगडी उशीवर डोकं ठेवायचे. आर्याजींनी विचारलं, “आन् भिक्खुनी?” तो बिचारा गडबडला. म्हणाला, “असतील हो कुठं तरी. त्यांचं काई लिहून नाही ठेवेल.” अडीच हजार वर्षांपूर्वी बाया अनवाणी चालत जाऊन चीवर मागून घेतात काय, पुढं हजार वर्षं या देशात त्यांची वाटच बुजून जाते काय, आणि आता कुठं चार-दोन बाया ती पुन्हा चालू पाहतात! परतीच्या गाडीत अन्नपूर्णाबाई म्हणाली होती, “आपलं बायांचं असंच असते आर्याजी. दगडातही नाव नाही.” आर्याजी हसल्या होत्या, पण ते त्यांच्या मनात राहिलं.

अकरा वर्षांपूर्वी त्या बेबीताई होत्या. नवरा इंद्रभान जिनिंगमध्ये कामाला, आणि त्या मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला. घरी, दारी, सगळीकडं त्यांना कुणी ना कुणी काही ना काही मागत असे. बेबीताई, मीठ. बेबीताई, भाकर. बेबीताई, माझी बनियन कुठं आहे. इंद्रभान वारला, त्या वर्षी शेजारणीच्या नादानं त्या दहा दिवसांच्या शिबिराला गेल्या. तिथं दहा दिवस त्यांना कुणी काही मागितलं नाही. आपल्याला शांतपणा आवडतो, हे त्या बाईला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर ते कुणी विचारलंच नव्हतं.

चीवर घ्यायला बोधगयेला निघाल्या त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी समताला सांगितलं. समता तेव्हा तेवीस वर्षांची, डी.एड.च्या शेवटच्या परीक्षेचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसलेली.

“मंग मले विचारून काय राह्यली?” समता म्हणाली.

“विचारत नाही, सांगून राह्यली.”

हे वाक्य बोलायला नको होतं. आर्याजींना हे दुसऱ्या दिवशी, मोताळ्याच्या बसस्टॉपवर पोचेपर्यंत कळलं होतं. पण बोललेलं परत घेण्याची सोय कुठल्याच धम्मात नाही.

समता त्यानंतर चिडली नाही, भांडली नाही. तिनं त्याहून वाईट केलं. ती आईशी रीतसर वागू लागली. कुठं कार्यक्रमात भेटली की जमिनीवर गुडघे टेकून तीनदा वंदन करायची, “आर्याजी, तुमची तब्येत बरी हाये ना?” असं विचारायची आणि निघायची. लग्नात तिनं आईला मंचावर मधल्या खुर्चीत बसवलं. सगळ्या बाया नवरीभोवती रडत होत्या आणि नवरीची आई मंचावर पंचशील देत होती.

आणि मग सात वर्षांपूर्वीचा श्रावण. समताचं बाळंतपण ऐन वर्षावासात आलं.

वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. या काळात भिक्खू-भिक्खुणींनी एकाच जागी राहायचं, रात्रीला दुसरीकडं राहायचं नाही. अगदीच नड आली तर सात दिवसांची मुभा असते, पण तिलाही अट आहे. आईबाप आजारी असतील तर न बोलावता जाता येतं. बाकीच्या नातलगांसाठी बोलावणं यावं लागतं. लेक बाकीच्यांत मोडते. हा नियम लेकरांच्या बाजूनं केलेला दिसतो. आयांना त्या वेळी कुणी विचारलं नसावं.

त्या श्रावणात आर्याजींनी झोळी भरून ठेवली होती. आज बोलावणं येईल, उद्या येईल. बारशाचे पेढे आले, तेव्हा त्यांनी झोळी सोडली.

*

आताही वर्षावासच चालू होता. मंगळवारी जावई देवानंदचा फोन आला. त्याचं चिखलीला मोटारपंपांचं दुकान. माणूस भला, पण सासूशी काय बोलावं हे त्याला कधी उमगलं नाही, आणि भिक्खुणी झालेल्या सासूशी तर नाहीच.

“आर्याजी, वंदामि. समताचं गुरुवारी ऑपरेशन हाये. म्हनलं, सांगून ठेवावं.”

“डॉक्टर काय म्हनते?”

“गाठ काढल्यावर तपासाले पाठवतीन. मंग समजन. भेव नाही म्हने तसं.”

“समता काय म्हनते?”

“थे काई नाही म्हनत. तिले तुमी ओळखता.” जरा वेळ फोनवर नुसती दुकानातली खडखड ऐकू आली. “बरं, ठेवतो मंग.”

‘या’ म्हणाला असता तर झालं असतं. एका अक्षराचं काम होतं. ‘मले बोलाव ना रे बापू,’ असं आर्याजींच्या ओठांवर आलं होतं. पण अकरा वर्षांत त्यांनी मीठसुद्धा मागितलं नव्हतं. भाजी अळणी असली तरी तशीच खाल्ली होती. मागायची सवय मोडली की ती अशी अडल्यावेळी परत येत नाही.

त्या दिवशी विहारातल्या ग्रंथवाचनात त्यांनी एकच पान दोनदा वाचलं. बायांच्या ते लक्षात आलं.

बुधवारी अन्नपूर्णाबाई डबा घेऊन आली. तो तिनं न चुकता हातात दिला आणि आर्याजींचं जेवण होईपर्यंत ओट्यावर बसून राहिली. मग पिंपळाकडं बघत म्हणाली,

“समताचा फोन आलता माह्याकडं. तिनं बोलावलं तुमाले.”

“तुमच्याकडं?”

“तुमाले कराले लाजली असन. म्हने, मायले घेऊन या.”

अन्नपूर्णाबाईला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती खोटं बोलली की तिचा डावा हात नुसता पदराशी चाळा करतो. त्या वेळी पदराचा बोळा झाला होता. आर्याजींनी तो पाहिला नाही. खरं सांगायचं तर त्यांना पाहायचा नव्हता. बेबीताईंच्या काळात त्या जशा हसायच्या, तसं हसून त्या उठल्या आणि संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढं बसून त्यांनी म्हटलं, लेकीचं बोलावणं आलं आहे, सात दिवसांत परत येईन.

*

गुरुवारी जेवण आटोपून दोघी निघाल्या. मोताळ्याहून बुलडाण्याची गाडी राजूरच्या घाटात घरघरत चढली. सारी वाट आर्याजी बोलत होत्या. समताला लहानपणी गाडी लागायची, घाट आला की तिला मांडीवर आडवं घ्यायचे, असलं काहीबाही. अन्नपूर्णाबाई खिडकीबाहेर बघत ‘हाव, हाव’ करत होती.

दवाखाना दुमजली होता. खाली औषधाचं दुकान, वर खाटा. तीन वाजले होते. जिन्याच्या पायथ्याशी अन्नपूर्णाबाई थांबली.

“या ना,” आर्याजी म्हणाल्या.

“आर्याजी, मले एक सांगाचं हाये. समताचा फोन नव्हता आलता. म्याच केला तिले.”

आर्याजींनी कठडा धरला.

“म्या तिले सगळं समजावलं. म्हनलं, बाई, त्याइचा नियम हाये. तू नुसतं ‘ये’ म्हन, थे पळत येतीन. तं थे म्हने...”

“काय म्हने?”

“म्हने, बोलावल्यावर येनारे डॉक्टर हायेत, भंतेजी हायेत, समदे हायेत. माय बोलावून येत नसते. तिले याचं असन तं येईन.” अन्नपूर्णाबाईनं नाक पुसलं. “म्या खोटं बोललो. शील मोडलं माहं. पन तुमी दोघी अशा, एक म्हने बोलाव, एक म्हने न बोलावता ये. मधात मीच येडी झालो.”

आर्याजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. येणारेजाणारे त्यांच्या चीवराकडं बघत, वाट देत बाजूनं जात होते. एकानं तर हात जोडले. त्यांनी उत्तरादाखल मान हलवली की नाही, कुणास ठाऊक.

“साडेपाचची गाडी हाये,” अन्नपूर्णाबाई म्हणाली. “भेटून घ्या न् निघू. अंधार पडाच्या आत विहारात. रात इथं नाही राह्यली म्हंजे वर्षावास मोडत नाही. नाही ना मोडत?”

“नाही मोडत.”

“मंग झालं तं.”

वर समता झोपलेली होती. ऑपरेशन सकाळीच झालं होतं, भूल अजून पुरती उतरली नव्हती. देवानंद गडबडून उठला, त्यानं खुर्ची दिली. सासू कशी आली हे त्यानं विचारलं नाही. भल्या माणसांना कधी कधी न विचारण्याची अक्कल असते.

आर्याजी खुर्चीत बसल्या. समताचा चेहरा सुकला होता. केसांत दोन-तीन पांढरे दिसत होते. लेकीचे पांढरे केस आईनं पहिल्यांदा असे, ती झोपेत असताना पाहावेत, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. जागी असती तर ठेवू दिला असता की नाही, सांगता येत नाही.

पाच वाजले. समता जागी झाली नाही. सव्वापाचला अन्नपूर्णाबाई दाराशी येऊन उभी राहिली.

आता उठलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. आई येऊन गेल्याचं समताला कळलंही नसतं, कळलं असतं ते देवानंदकडून. अकरा वर्षावास आर्याजींनी एक रात्र न चुकवता पाळले होते. चीवर घेतलं तेव्हा गावातले पुरुष म्हणाले होते, बाईमाणूस हाये, लेकीच्या ओढीनं चार महिन्यांत परत येते का नाही पाहा. त्या प्रत्येक माणसाला आर्याजींनी अकरा वर्षं, रोज बाराच्या ठोक्याला उत्तर दिलं होतं. त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं. घर नाही, माणूस नाही, नाव नाही. एवढं एक नियमाचं पांघरूण होतं, आणि ते लेकीच्या बाजूनं फाटायचं होतं.

“तुमी जा,” त्या अन्नपूर्णाबाईला म्हणाल्या. “मी राह्यतो.”

अन्नपूर्णाबाईनं तोंडावर पदर धरला आणि ती गेली.

रात्र खुर्चीतच गेली. समता दुखण्याच्या औषधानं झोपूनच होती. तळहाताच्या रेषा दिसू लागल्या की उजाडलं, अशी जुनी खूण आहे. आर्याजी खिडकीशी गेल्या आणि हात पुढं करून उभ्या राहिल्या. आधी नुसता हात होता. मग त्यात एक रेष उमटली, मग दुसरी. त्यांनी हात मिटला आणि त्या परत खुर्चीत येऊन बसल्या.

“कवा आली?”

समताचे डोळे उघडे होते.

“काल दुपारी.”

“कोनी बोलावलं?”

“कोनी नाही.”

अन्नपूर्णाबाईनं समताला सगळा नियम सांगितला होता, त्यामुळं या दोन शब्दांची किंमत तिला ठाऊक होती.

“मंग तुहा वर्षावास?”

“मोडला.”

“कवा?”

“आत्ता. उजाडलं तवा.”

समतानं मान वळवली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडं गेलं. ते पुसायला तिनं हात उचलला नाही, नळ्या लावलेल्या होत्या. आर्याजींनीही पुसलं नाही. तेवढा हक्क आपल्याला परत मिळाला की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

“तोंड सुकलं माहं,” समता भिंतीकडं बघत म्हणाली.

पाणी पाजायचं नाही, नुसते ओठ ओले करायचे, असं नर्सनं सांगितलं होतं. आर्याजींनी कापसाचा बोळा भिजवला आणि लेकीच्या ओठांवरून फिरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. समतानं डोळे मिटून घेतले.

चार दिवसांनी समता घरी गेली. गाठीत वावगं काही नव्हतं. त्या चार दिवसांत मायलेकींत फारसं बोलणं झालं नाही. दोघींनाही ते येत नव्हतं. चिखलीला घरी चल, असं समता म्हणाली नाही आणि आर्याजी थांबल्या नाहीत. त्या एकट्याच राजूरचा घाट उतरून आल्या.

*

विहार समितीचे अध्यक्ष धम्मरत्न मास्तर. निवृत्त मुख्याध्यापक, समजूतदार माणूस. आश्विनी पौर्णिमा आठवड्यावर आली, तेव्हा चीवरदानाचा कार्यक्रम ठरवायला ते ओट्यावर येऊन बसले. वर्षावास पुरा करणाऱ्याला त्या दिवशी गावानं नवं चीवर द्यायचं, अशी रीत.

“यंदा मले चीवर घेता येनार नाही,” आर्याजी म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “आर्याजी, लेक दवाखान्यात होती. याले कोन दोष देईन? अन् पाहाले गेलं तं कितीक जन वर्षावासात मोटरसायकलीवर फिरून राह्यले. लग्नं लावून राह्यले. कोनाले काय समजते?”

“मले समजते ना.”

“लोकं बोलतीन. म्हनतीन, शेवटी बाईच.”

“म्हनू द्या.”

मास्तरांनी चष्मा परत लावला. म्हणाले, “समितीनं चीवर तं आनून ठेवलं. त्याचं काय कराचं?”

“वाशीमकडं एक आर्याजी हायेत, एकट्याच राह्यतात. त्याइचा वर्षावास पुरा होते. त्याइले पाठवा.”

पौर्णिमेच्या दिवशी सभागृह भरलं. पांढऱ्या साड्यांतल्या बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला. पंचशील झालं, आणि आर्याजींनी सगळ्यांना सांगितलं की यंदा त्यांचा वर्षावास पुरा झालेला नाही. चार रात्री त्या बाहेर राहिल्या, बोलावणं नसताना. कुठं राहिल्या, काऊन राहिल्या, ते सांगितलं नाही. मागच्या बाजूला कुजबूज झाली, एक जण खाकरला. अन्नपूर्णाबाई पदराचा बोळा करून बसली होती.

तेवढ्यात दारात समता आली.

तिच्यामागं देवानंद होता. ती जपून पावलं टाकत होती, टाके अजून ओढत असावेत. अकरा वर्षांत तिनं या विहारात पाय ठेवला नव्हता. हातात एक कापडी पिशवी होती. बायांनी तिला वाट करून दिली. समतानं पुढं येऊन गुडघे टेकले आणि पिशवीतून चीवर काढलं.

विकतचं नव्हतं. वाफ्यांसारखे तुकडे जोडून, काथ्या रंगात रंगवून, घरच्या मशिनीवर शिवलेलं होतं. आजारपणाच्या रजेतला महिना तिनं त्यात घातला होता, हे शिवण बघूनच कळत होतं. तिनं ते दोन्ही हातांवर धरून पुढं केलं.

आर्याजींचे हात मांडीवर होते. ते उचलावेत म्हणून सगळं सभागृह थांबलं होतं.

“समता, मले नाही घेता येत हे.”

“काऊन?”

“वर्षावास पुरा झाला त्यालेच हे चीवर भेटते.”

समताला कळायला वेळ लागला. कळलं, तेव्हा तिचे पुढं केलेले हात तसेच राहिले.

“असं असते, मले माहीत नव्हतं,” ती हळू म्हणाली. “मले वाटलं, मोडला म्हंजे... मोडला. हे जाते, हे नव्हतं माहीत.”

अन्नपूर्णाबाईच्यानं राहवलं नाही. “मंग उद्या दे ना माय. उद्या साधं दान म्हनून दे. त्याले कोन अडवते?”

समतानं आईकडं पाहिलं. आर्याजींनी मान हलवली. नियमात बसलं असतं कदाचित. पण ते त्या नावानं शिवलेलं होतं. मागच्या दारानं ते आज ना उद्या घरात येणारच असतं, तर त्या दिवशी उजाडताना खिडकीपाशी त्यांनी दिलं ते काय दिलं? लेकीसाठी काही सोडलं, तर ते खरंच गेलं पाहिजे. आयुष्यात एकदा तरी.

“वाशीमच्या आर्याजींले जाईन,” त्या म्हणाल्या. “गावाच्या चीवरासंगं.”

समतानं चीवराची घडी केली. घाई केली नाही, काठ काठाला लावून नीट केली, ते मास्तरांच्या हाती दिलं आणि बायांच्या ओळीत जाऊन बसली. सभा संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

तीनच्या गाडीला निघताना ती ओट्याशी आली. देवानंद फाटकात थांबला होता. तिनं वंदन केलं, पण एकदाच, आणि उठताना आधाराला आईचा खांदा धरला.

“पुढच्या बारीले मी फोन करीन,” ती म्हणाली.

“कर.”

“मंग येशील?”

“येईन.”

ती गेली. कपाशीच्या वावराच्या कडेनं जाणारा रस्ता वळतो, तिथपर्यंत ती दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दोन्ही चीवरं घेऊन आले. वाशीमकडं जाणारं कुणी मिळालं होतं, गाठोडं बांधून द्यायचं होतं. समितीचं चीवर तयार घडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. समताचं आर्याजींनी पुन्हा एकदा उलगडलं. चुकून एखादा टाका सुटलेला असेल तर पाहावा म्हणून.

मास्तर ते बघत होते. “हे त्याइले आखूड होईन,” ते म्हणाले. “वाशीमच्या आर्याजी उंच हायेत. तुमच्याहून चांगल्या वीतभर उंच.”

“हाव.”

“माप कोनी देलं होतं समताले?”

“कोनी नाही.”

आर्याजींनी चीवर जमिनीवर पसरलं, काठ काठाला लावले, तिच्याच घड्यांवरून परत घड्या घातल्या.

“खालून एक पट्टी जोडून घेतीन त्या,” आर्याजी म्हणाल्या आणि त्यांनी गाठोड्याला गाठ मारली.